दांडीवर ललित, बटणावर फुलसिंग

“फुल्या, जरा मांगे सरक. मशीनवर तुन्ही सावली पडी ऱ्हायनी,” ललित म्हणाला.

फुलसिंग दोन पावलं मागे सरकला. कॅमेऱ्यामागून नवनीतने हात हलवला, तेव्हा आणखी चार. असं सरकत सरकत त्याची पाठ शेडच्या पत्र्याला टेकली. तिथे केळीच्या प्लास्टिक क्रेटवर त्याची मुलगी रविना बसली होती. तिने बापाकडे बघितलं, मग ललितकडे बघितलं. अख्खं शहादं ज्याला फुलसिंग मिस्तरी म्हणतं, ज्याची वाट बघत शेतकरी मोटारसायकलवर ताटकळतात, त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला कोणी ‘फुल्या’ म्हणून हाक मारलेली तिने आज पहिल्यांदा ऐकली होती.

फुलसिंगला मात्र त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. ललित जुन्या नावाने हाक मारतोय म्हणजे जुनं सगळं त्याच्या लक्षात आहे, असा अर्थ त्याने लावला. भोळा माणूस, दुसरं काय म्हणायचं.

जागा होती ललितच्या शेतातली केळी पॅकिंगची शेड, तापीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. सकाळचे अकरा वाजले होते. मधोमध दोन पांढऱ्या दिव्यांच्या उजेडात ते मशीन उभं होतं: पुरुषभर उंचीचं लाकडी खोकं, वर काचेचा पडदा, खाली उतरत्या फळीवर डावीकडे एक दांडी आणि उजवीकडे तीन बटणं. शहाद्याच्या बसस्टँडमागे मगनशेठचं व्हिडिओ पार्लर होतं, तिथलं हे मशीन. पार्लर बंद पडलं, मगनशेठ वारला, आणि मशीन वीस वर्षं गोडाऊनमध्ये उंदरांच्या हवाली झालं. ते ललितने शोधून आणलं. ललित सुरतला राहतो आणि गेमांवर व्हिडिओ करतो. ते बघणारे लाखाच्या वर आहेत म्हणे. आजच्या व्हिडिओत तो आपल्या आयुष्यातल्या पाच आवडत्या गेम सांगणार होता, पाचव्या नंबरपासून पहिल्यापर्यंत, नव्वदच्या सालापासून थेट आजपर्यंत.

महिन्याभरापूर्वी त्याचा फोन आला, तेव्हा फुलसिंग दुकानात मोटर भरत बसला होता. मशीन चालू करायला तूच पाहिजेस, दुसऱ्या कोणाचा माझा भरवसा नाही, असं बरंच गोड बोलून ललित म्हणाला, “आनि दख, पहिला नंबरवर आपलीच गेम शे. तुन्हं नाव लिसू. तुन्हाबिगर लिस्ट पुरी व्हवाव नही.”

फुलसिंगने फोन खिशात टाकला, तांब्याच्या तारेचं भेंडोळं तसंच सोडलं आणि भरदुपारी घरी गेला. रविना सुट्टीला आलेली होती. नंदुरबारला होस्टेलवर राहून ती बारावी सायन्स करते. तिला तो एवढंच म्हणाला की पुढच्या महिन्यात ललितभाऊंकडे शूटिंग आहे, तू यायचं. का, ते तिला विचारावं लागलं नाही.

कारण ती गोष्ट तिने कळायला लागल्यापासून ऐकली होती. शहाद्यात ‘लालपट्टा’ गेम शेवटपर्यंत संपवणारी जोडी एकच, ललितभाऊ आणि मी. गेममधला हिरो कमरेला लाल पट्टा बांधायचा म्हणून पोरांनी गेमचं नाव ‘लालपट्टा’ पाडलं होतं. सात वर्षांची असताना रविना ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. बारा वर्षांची झाल्यावर फक्त ऐकून घ्यायची. आणि गेल्या दिवाळीत, काही मनात न ठेवता, भाकरी मोडता मोडता ती म्हणाली होती, “बा, पन हाई कोठे लिखेल शे?”

कुठे लिहिलेलं असणार? फोटो नाही, बक्षीस नाही, मगनशेठही नाही. फुलसिंग त्या दिवशी हसला, पण ते त्याच्या मनाला फार लागलं. बोअरमध्ये दोनशे फुटांवर अडकलेली मोटर तो पाइपाला कान लावून ओळखतो, त्याच्या हातची वाइंडिंग पाच पाच वर्षं जळत नाही, सगळं खरं. पण ते पोटासाठी होतं. पोटासाठी नसलेली, निव्वळ हौसेची, अशी त्याच्या आयुष्यात एकच गोष्ट झाली होती, आणि नेमकी तीच लेकीला थाप वाटायला लागली होती. आता ती ललितच्या तोंडून तिच्या कानावर पडणार होती.

मशीन त्याने आठ दिवस दुपारच्या सुट्टीत येऊन दुरुस्त केलं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, आतली सर्किटची पाटी मऊ ब्रशने पेट्रोल लावून धुतली, तिच्या कडेच्या पितळी पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासून लख्ख केल्या. बटणांच्या स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. तसल्या आता मिळत नाहीत. तेव्हा पंपाच्या स्टार्टरमधल्या हिरव्या बटणाखालच्या स्प्रिंगा कापून त्याने त्यात बसवल्या आणि बोटाला जुनी उसळी लागेपर्यंत चारचारदा काढून घातल्या. दांडीला त्याने फक्त तेल दिलं. दांडी कशी लागायला हवी ते त्याला माहीत नव्हतं.

याचंही कारण सांगितलं पाहिजे. मगनशेठच्या पार्लरमध्ये एका नाण्यावर दोघं खेळायचे, ही तिथली रीतच होती. एकाने दांडी धरायची, दुसऱ्याने बटणं. दांडीवाला हिरोला पळवणार, वळवणार. बटणवाला ठोसे मारणार, उड्या मारणार. नाणं ज्याचं, दांडी त्याची. यावर कधी भांडण झाल्याचं कोणाला आठवत नाही. ललितचे वडील तापीकाठचे मोठे गुजर शेतकरी, आणि फुलसिंगचा बाप रेवजी वळवी त्यांच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार. सालदारकीत दोन पिढ्या गेल्या, घरातली भिली भाषा म्हाताऱ्यांबरोबर संपली आणि बोली अहिराणी झाली. दोघं पोरं एकाच वर्गात, एकाच सायकलवर शहाद्याला जायची. सायकल ललितची, पायडल फुलसिंग मारायचा. मग पार्लरमध्ये दांडी कोणाकडे जाणार, हे काय विचारायचं?

पण बटणांचं काम सोपं नव्हतं बरं. दांडीवाला काय करणार ते बटणवाल्याला आधी कळावं लागतं. तो वळल्यावर ठोसा मारला तर ठोसा हवेत जातो. फुलसिंगने यावर आपली युक्ती काढली होती. तो पडद्याकडे बघायचाच नाही. तो ललितच्या मनगटाकडे बघायचा. मनगटाची शीर ताठली की उडी, अंगठा पांढरा पडला की ठोसा. ललितच्या मनात यायच्या आधी फुलसिंगच्या बोटात यायचं. शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, चाचणीचा पेपर लवकर सुटला त्या दुपारी, एका नाण्यावर, अंगावर चढलेली पन्नास पोरं खांद्यावर घेऊन त्या दोघांनी लालपट्टा संपवली. पोरांनी ललितला उचललं. मगनशेठने त्याला गोटीसोडा पाजला. फुलसिंगचा अंगठा लिंबाएवढा सुजला होता आणि तो गर्दीच्या मागे उभा राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता.

“रेडी,” नवनीत म्हणाला. हा ललितचा आतेभाऊ. सुरतेत लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या वेळात ललितचे.

ललित कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याची भाषाच बदलली. आत्तापर्यंत अहिराणीत बोलणारा माणूस एकदम बातम्या सांगणाऱ्यासारखं शुद्ध बोलायला लागला. पाचव्या नंबरला त्याने बटणांच्या मोबाइलवरची सापाची गेम घेतली. पुण्याला इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्ये आपण लेक्चर चालू असताना बाकाखाली कसा साप वाढवायचो, ते त्याने हात हलवून सांगितलं. फुलसिंगलाही साप आवडायचा. तो तेव्हा सुरतेत वाइंडिंगच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि मालक जेवायला बसला की मालकाच्या मोबाइलवर खेळायचा. त्याने मनातल्या मनात मान डोलावली. पाचवा नंबर बरोबर दिलाय.

चौथ्या नंबरला विटांची गेम आली. हातात मावणारी, पिवळ्या प्लास्टिकची, वरून विटा पडतात आणि आपण रांगा लावायच्या. “ही मला माझ्या बाबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेऊन दिली होती,” ललित म्हणाला. “भर यात्रेत मी जमिनीवर लोळण घेतली होती, तेव्हा कुठे मिळाली.”

रविनाने झटकन बापाकडे बघितलं. कारण विटांची गेमही तिला ठाऊक होती. ती रेवजीने घेतली होती, फुलसिंगसाठी, सालदारकीच्या वर्षात मिळालेल्या एकुलत्या एका सुट्टीत. ललितने ती दोन दिवसांसाठी मागून नेली आणि ती परत आलीच नाही. लोळण घेतली होती ती फुलसिंगने. माणसाने गेम घेतली तर घेतली, लोळणसुद्धा घेऊन जावी?

“इसरी गया व्हई,” फुलसिंग तिच्या कानाशी म्हणाला.

तिसऱ्या नंबरला टीव्हीला जोडायची कॅसेटवाली गेम. ललितकडे दोन रिमोट होते, एक आपला आणि एक मित्राचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मित्र मित्र दिवसभर खेळायचो, असं तो कौतुकाने सांगत होता. त्या मित्रांमध्ये फुलसिंग होता, हे खरं. फक्त तो घरात नव्हता. ललितची आई मीनाबाई मनाने वाईट नव्हती. शिळं कधी द्यायची नाही, सणाला नवा सदरा द्यायची. पण सालदाराच्या पोराने उंबऱ्याच्या आत यायचं नाही, एवढं तिचं ठरलेलं होतं. दुसऱ्या रिमोटची वायर काही उंबऱ्यापर्यंत पुरायची नाही. मग फुलसिंगने पडीक रेडिओची वायर काढली, दाताने सोलली, आणि रिमोटच्या वायरीला सात हात जोड देऊन ओट्यावर बसून खेळायची सोय केली. त्याने आयुष्यात जोडलेली ती पहिली वायर. मिस्तरी कसा झालास, असं कोणी विचारलं की तो हे हसत हसत सांगतो. आज रविनाला ते ऐकताना हसू येत नव्हतं. ती ओठ घट्ट मिटून ललितच्या चकचकीत बुटांकडे बघत होती.

दुसऱ्या नंबरला मोबाइलवरची ती युद्धाची गेम, जिच्यात शंभर जण विमानातून उड्या मारतात आणि जी मध्यंतरी सरकारने बंद केली होती. ललित तिच्यावर सगळ्यात जास्त बोलला, कारण त्याचं चॅनेल त्याच गेमवर उभं राहिलं. फुलसिंगने ती कधी खेळली नव्हती. त्याला तो वेळ दुसऱ्या कामाला मिळाला. त्याने खिशातून कंगवा काढून केस सारखे केले, शर्टाचं वरचं बटण लावलं, बायकोने मुद्दाम इस्त्री करून दिलेली कॉलर बोटाने सरळ केली. पुढचा नंबर पहिला होता. कोणत्याही क्षणी ललित म्हणणार, या, पुढे या.

“आणि नंबर एक,” ललित मशीनवर हात ठेवून म्हणाला, आणि त्याने गेमचं खरं इंग्रजी नाव घेतलं. तीन शब्दांचं. फुलसिंगने ते एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. “एकोणीसशे शहाण्णव. शहाद्याचं एक छोटंसं पार्लर. पन्नास पोरं बघताहेत. आणि मित्रांनो, त्या दिवशी मी एकट्याने, फक्त एका नाण्यात, ही गेम संपवली.”

एकट्याने म्हणताना त्याने एक बोट वर केलं.

फुलसिंग थांबला. पुढच्या वाक्यात येईल. ही बोलायची पद्धत असते, आधी असं म्हणायचं आणि मग सांगायचं की खरं म्हणजे मी एकटा नव्हतो. पुढच्या वाक्यात ललितने बघणाऱ्यांना चॅनेल फॉलो करायला सांगितलं. त्याच्या पुढच्या वाक्यात तो म्हणाला, बघू या, हात अजून तसेच चालतात का, आणि दांडी धरून खेळायला उभा राहिला.

चालतात कसले. पहिल्याच गल्लीत चौघा गुंडांनी लालपट्ट्याला लोळवलं. दुसऱ्यांदा खेळला, तिथेच मेला. तिसऱ्यांदा तिसऱ्या गुंडाने मारला. डाव्या हाताने ललित जाग्यावर पोचत होता, पण उजवा हात बटणांवर चाचपडत होता, आंधळ्याने कुलूप शोधावं तसा. आयुष्यात त्याने ती बटणं दाबलीच नव्हती. नवनीतने कॅमेरा थांबवला. ललितने घाम पुसला, इकडे तिकडे बघितलं आणि अगदी सहज, सायकल धर म्हणावं तसं म्हणाला, “फुल्या, ये रे. बटन तू धर.”

रविना उठून उभी राहिली. “बा, चाल घर.”

“थांब जरा,” फुलसिंग म्हणाला. “आखरीले सांगी तो.”

ते तिने ऐकून घेतलं. पण ती पुन्हा बसली नाही.

नवनीतने क्रेट उलटं करून मशीनच्या उजव्या बाजूला खाली ठेवलं आणि फुलसिंगला त्यावर बसवलं. डोकं खाली, काका, आणखी खाली. खांदा दिसतोय, खांदा आत घ्या. शेवटी फुलसिंग जवळजवळ गुडघ्यात डोकं घालून बसला आणि एक हात तेवढा वर फळीवर गेला. कॅमेऱ्यात ललितचा चेहरा होता आणि पडदा होता. फुलसिंगला बसल्या जागेवरून पडदा दिसत नव्हता. ललितचं मनगट दिसत होतं, सोन्याचं कडं घातलेलं, पूर्वीपेक्षा जाड झालेलं. शीर मात्र तीच होती.

आणि हात सुरू झाला. आता बघा, माणसाला राग आला होता. चांगला आला होता. ‘एकट्याने’ हा शब्द त्याच्या कानात अजून ठणकत होता. एक बोट चुकवलं असतं तर लालपट्टा तिथेच मेला असता आणि ललितची कॅमेऱ्यासमोर शोभा झाली असती. पण बोटं त्याचं ऐकेनात. शीर ताठली की उडी, अंगठा पांढरा पडला की ठोसा. गल्ली गेली, बंदर गेलं, कारखान्याचा जिना गेला. ललित ओरडत होता, हसत होता, कॅमेऱ्याकडे बघून टाळ्या मागत होता. पाऊण तास झाला. फुलसिंगच्या मानेत कळ आली, अंगठा सुजायला लागला, आणि तरी एकही ठोसा हवेत गेला नाही. शेवटचा राक्षस पडला तेव्हा शेडमध्ये ललितने नाचून घेतलं.

मग मशीनने ओळखीचा सूर वाजवून नाव विचारलं. जिंकणाऱ्यासाठी पडद्यावर तीन रिकामी घरं येतात. दांडी हलवून अक्षर आणायचं आणि बटण दाबून ते पक्कं करायचं. वर आकडे दहापासून उलटे उतरतात, तेवढा वेळ. शहाण्णव सालीही असंच झालं होतं. ललितने आपल्या नावाची अक्षरं आणली होती आणि फुलसिंगने तीनदा बटण दाबलं होतं, आनंदाने, कोणी न सांगता.

ललितने दांडी हलवली. पहिल्या घरात त्याच्या नावाचं अक्षर येऊन लुकलुकायला लागलं.

फुलसिंगने बटणांवरून बोटं उचलली आणि तिन्ही बटणांवर आडवा तळवा ठेवला. न दाबता, नुसता.

“दाब,” ललित कॅमेऱ्याकडे हसत, दातांच्या मधून म्हणाला. आकडा सातवर आला. “दाब ना भो.” मग त्याने उजवा हात हळूच खाली आणून फुलसिंगची बोटं उचकटून बघितली. बोअरमधून लोखंडी पाइप ओढणारा तो पंजा, तो काय अशाने हलतो? चार, तीन, दोन. ललितचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. पडदा काळा झाला आणि गेम पहिल्या चित्रावर परत गेली. तिन्ही घरं रिकामी.

नवनीतने कॅमेरा बंद केला आणि म्हणाला की काही बिघडलं नाही. “नाव कंप्युटरवर टाकी दिसूत, भाई.”

फुलसिंग क्रेटवरून उठला. पाठ सरळ व्हायला त्याला वेळ लागला. ललित त्याच्याकडे बघत होता, रागाने नाही, कोड्यात पडल्यासारखा. हे काय केलंस, असं त्याने विचारलं.

“तू सांगं व्हतं, एकट्यानी,” फुलसिंग म्हणाला.

“अरे भो, व्हिडिओमा इतलं कोन समजाडत बसी? दांडी कोनाकडे, बटन कोनाकडे. लोकेसले एकच हिरो लागस.” ललितने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून, समजावणीच्या सुरात म्हणाला, “आनि नाणं तं मन्हंच व्हतं ना?”

नाणं त्याचंच होतं, हे खरंच होतं. आई जेवायला थांबली आहे, तुम्हीही या, ओट्यावर पानं घेतली आहेत, असं सांगून ललित नवनीतला घेऊन घराकडे गेला. शेडमध्ये बापलेक उरले आणि मशीनची घरघर.

फुलसिंग अंगठा चोळत होता. लेकीकडे बघायचं तो टाळत होता. शेवटी तीच बोलली.

“बा, तू पडदाकडे दखतच नव्हता.”

फुलसिंगचा चेहरा उजळला. तिने पाहिलं होतं तर! जी गोष्ट कोणी कधी पाहिली नाही, मगनशेठने नाही, त्या पन्नास पोरांनी नाही, ती नेमकी हिला दिसली. त्याने तिला घाईघाईने सगळं सांगितलं. पडदा बघायचाच नसतो. मनगट बघायचं. शीर, अंगठा. ललितच्या मनात यायच्या आधी आपल्या बोटात आलं पाहिजे, तेच तर खरं कसब. बोलता बोलता तो पुन्हा तेरा वर्षांचा झाला होता.

रविनाने सगळं ऐकलं. तिच्या आवाजात ना राग होता ना टोचणी. गणितात चूक सापडल्यावर सांगावं तसं ती म्हणाली, “मंग तू खेळी नही ऱ्हायना व्हता, बा. तू राबी ऱ्हायना व्हता.”

फुलसिंग तिच्याकडे बघत राहिला. थाप आहे असं तिला वाटत होतं, ते परवडलं असतं. थाप नाही, हे तिला आज पटलं होतं, आणि पटलं होतं ते असं. त्याला आतून रिकामं रिकामं वाटलं आणि त्याने मशीनची फळी धरली.

तिलाही ते दिसलं असावं. ती जवळ आली आणि म्हणाली, “आते तू खेळ. एकला. मी दखस.”

मशीन उघडंच होतं, नाण्याची गरज नव्हती. फुलसिंगने आतली तार टेकवून खेळ चालू केला आणि मधोमध, पडद्यासमोर उभा राहिला. त्या जागेवर तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. पडदा इथून केवढा मोठा दिसतो, याचंच त्याला नवल वाटलं. उजवा हात बटणांवर गेला. डाव्या हाताने त्याने दांडी धरली.

लालपट्टा भिंतीवर जाऊन आपटला. फुलसिंगने दांडी उजवीकडे दाबली तर तो खाली गेला, सोडली तर थांबून राहिला. पहिला गुंड आला. ठोसा वेळेवर गेला, पण हिरोचं तोंड दुसरीकडेच होतं. चारी बाजूंनी मार पडला आणि पंधरा सेकंदांत खेळ खलास. त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्याला समजेचना की बघायचं कुठे. तो पडद्याकडे बघता बघता मध्येच आपल्याच डाव्या मनगटाकडे बघायला लागला. ते त्याला काहीच सांगत नव्हतं. गुंडांनी लालपट्ट्याला उचलून फेकला.

“माले दांडी येत नही,” फुलसिंग म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, बेअरिंग गेलंय असं गिऱ्हाइकाला सांगतो तसा. “कधी हातमा उनीच नही.”

रविना हसली नाही आणि तिने समजूतही काढली नाही. ती पुढे आली, त्याच्या उजव्या अंगाला, आणि फळीवर हात ठेवून म्हणाली, “तू दांडी शिक. बटन मी धरस.”

तिची बोटं बटणांपर्यंत पोचली होती. लांब, निमुळती, शाईचा डाग पडलेली बोटं. फुलसिंगने तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात की ती दचकली, कारण लहानपणापासून बापाने तिला कधी असं धरलं नव्हतं.

“नको,” तो म्हणाला. “तू बटन नको धरू. मन्हासाठीबी नको.”

त्याने तिचा हात बाजूला केला, मग वाकून मशीनचा स्विच बंद केला.